दगडी छत्र्यांवरचं कोठार

क्षणभर असं समजा, की तुम्ही उंदीर आहात. हसू नका, नीट समजा. पोट रिकामं आहे, मिशा थरथरतायत आणि समोरच्या लाकडी कोठारातून धान्याचा वास येतोय. कोठार जमिनीला टेकलेलं नाही. ते दगडी खांबांवर उभं आहे, मोठ्या माणसाच्या कमरेइतकं उंच. खांब खडबडीत, म्हणजे चढायला उत्तम. तुम्ही सरसर वर जाता आणि डोकं कशावर तरी आपटतं. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक गोल, सपाट दगड ठेवलाय, छत्रीसारखा चहूबाजूंनी बाहेर आलेला. आता त्याच्या पोटाला उलटं लटकत कडेपर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा वर वळायचं. तुम्ही पाल असतात तर जमलं असतं. उंदराची नखं त्या घोटलेल्या दगडावर ठरत नाहीत. धप्प.

बरं, मग तुम्ही शहाणपणा करता आणि माणसांसारखे ऐटीत पायऱ्यांनी जाता. वरच्या पायरीवर पोचता, दार समोर दिसतं, पण पायऱ्या दारापर्यंत जातच नाहीत. मध्ये मोठ्या माणसाच्या ढांगेएवढी पोकळी. नवे पाहुणे म्हणतात, गवंडी शेवटची पायरी विसरला वाटतं. गवंडी काही विसरला नव्हता. ती न बांधलेली पायरी हीच त्याची सगळ्यात मोठी करामत. माणूस ढांग टाकून आत जातो, उंदीर काठावर बसून वास घेतो.

आमच्या मुलखात येणारे लोक आधी नदीवरच्या कमानींच्या पुलाचे फोटो काढतात, मग घंटेच्या मनोऱ्यावर चढून धापा टाकतात, आणि कोठारापाशी येईपर्यंत त्यांना भूक लागलेली असते. माझं मत वेगळं आहे. पूल मोठा आहे, मनोरा उंच आहे, पण कोठार हुशार आहे. खालून वारा खेळतो म्हणून धान्याला बुरशी धरत नाही. भिंतीत खिळा नाही, सगळ्या फळ्या एकमेकींच्या खाचांत बसवलेल्या. आणि ते नुसतं बघायला ठेवलेलं नाही. आजही गावातलं पेरणीचं बियाणं तिथेच असतं.

त्याची किल्ली असते एका मुलीच्या आत्याकडे. मुलगी दिसेल त्या झाडावर चढायची, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. आत्या बोलायला फटकळ. कोठारात आजवर एकही उंदीर शिरला नाही हे ती अशा थाटात सांगायची, की जणू सगळ्या उंदरांना तिनेच दटावून ठेवलंय. आत्याचे थोरले भाऊ, म्हणजे खारूताईचे काका, सुतार होते. कोठाराच्या कुजलेल्या फळ्या त्यांनीच बदलल्या होत्या, आणि जुनी कुठली, नवी कुठली हे बोट लावल्याशिवाय कळू नये इतक्या बेमालूम. आता मात्र त्यांचे गुडघे धरले होते. पायऱ्या कशाबशा चढायचे, पण ती ढांग काही जमत नव्हती. आतलं बघून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. ते कधी बोलले नाहीत, पण कोठारासमोर उभं राहून वर बघत राहायचे, तेव्हा खारूताईला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

एका दुपारी आत्या बाजारात गेली होती आणि झाडलोट करायला किल्ली खारूताईकडे होती. तिने काकांच्याच कारखान्यातली एक रुंद फळी ओढत आणली आणि त्या पोकळीवर टाकली. काका आधी नको म्हणाले, मग गुडघ्यांचं कारण सांगितलं, मग आत्याचं, आणि हे सगळं सांगता सांगता ते फळीवर पोचलेसुद्धा. दोघं आत गेली. भिंतीच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा पोत्यांवर पडल्या होत्या. काकांनी एकेका फळीवरून हात फिरवला. त्यांच्याही आधी, फार पूर्वी कुण्या सुताराने जोडलेला एक कोपरा खारूताईला दाखवला आणि म्हणाले, "इथे माझं डोकं चालत नाही बघ. हा सांधा त्याने कसा बसवला असेल, मला अजून कळलेलं नाही."

खाली उतरले तेव्हा स्वारी इतकी खुशीत होती, की घरी जाईपर्यंत दोघं त्या कोपऱ्याबद्दलच बोलत होती. कुलूप लावायचं लक्षात राहिलं. फळी काढायचं राहून गेलं.

दाराखाली बोटभर फट आहे, वाऱ्यासाठी मुद्दाम ठेवलेली. पुढचं सांगायला नको.

सकाळी आत्याला एका पोत्याचा कोपरा कुरतडलेला दिसला आणि जमिनीवर बारीक काळ्या लेंड्या. तिने फळी अंगणात आणून आपटली आणि कुणाचं काम म्हणून विचारलं. पेरणी तोंडावर आलेली, बियाणं सगळ्या गावाचं. खारूताईने सगळं सांगितलं, कशासाठी तेसुद्धा. आत्या काही बोलायच्या आत काका पुढे झाले.

"तिला बोलू नकोस. हौस माझी होती. यापुढे मी खालीच बरा."

चार धपाटे परवडले असते, असं खारूताईला वाटलं. तिला काकांना वर न्यायचं होतं, आणि तिच्याच विसराळूपणामुळे ते आता कायमचे खाली राहणार होते.

आधी कोठार रिकामं करायचं ठरलं. गिरणीवाला आला, मास्तर आले, शेजारपाजारचे आले. दारातून पायरीवर, पायरीवरून खाली, अशी हातोहात पोती निघाली. आत्या प्रत्येक पोतं झटकून बघत होती. कोठार मोकळं होत आलं तसे मास्तर आत जाऊन उभेच राहिले. पोती ओढून ओढून जमिनीच्या फळ्या आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. इतकी वर्षं आपण फक्त पोतीच बघत होतो, असं ते म्हणाले.

शेवटचं पोतं उचललं आणि त्यामागून एक उंदीर सुटला. दारापर्यंत आला, काठावर थबकला, खाली बघितलं, मागे आत्याला बघितलं, आणि उडी टाकून पसार झाला.

"एवढ्या वर्षांत पहिला पाहुणा आला," गिरणीवाला म्हणाला, "आणि बाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही."

सगळे हसले. काका हसले नाहीत. ते फळी उचलून कारखान्याकडे निघाले होते. आत्याने हाक मारली.

"दादा, कोठार उंदरांसाठी अवघड बांधलंय. तुझ्यासाठी नाही."

"मग काय करू? फळी टाकली की दोघांनाही वाट होते."

"ते मला नको विचारू. जिने फळी टाकली तिने बघावं." आणि आत्या पोती परत भरून घ्यायला वळली.

खारूताई पायरीवर बसली. माणसाला असेल आणि उंदराला नसेल, अशी फळी हवी होती. तुम्हीही थांबा इथे जरा, विचार करा. उंदीर चपळ, आपण धिमे. उंदीर लहान, आपण मोठे. उंदीर हलका, आपण...

ती ताडकन उठली. काकांच्या हातातली फळी घेऊन वरच्या पायरीवर दाराच्या दिशेने ठेवली, मधोमध खाली एक गोल ओंडका घातला आणि ओंडका घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना पाचर ठोकायला काकांनाच लावलं. मग फळीच्या अलीकडच्या टोकाला एक जड दगड बांधला. दाराकडचं टोक अलगद वर उचललं गेलं आणि हवेत तसंच राहिलं. एखादा उंदीर त्या टोकापर्यंत गेला असता तरी फळी हलली नसती, आणि दार राहिलं असतं लांब.

"या," ती म्हणाली.

आत्याने काकांचा एक हात धरला. काका ओंडक्याच्या पुढे गेले तशी फळी त्यांच्या वजनाने खाली आली आणि उंबऱ्यावर टेकली. ते आत शिरले. त्यांचा पाय निघताच फळी पुन्हा वर गेली. गिरणीवाल्याने टोपी काढली. आत्याने खारूताईच्या डोक्यावर एक टपली मारली, तीही हळू.

थोड्या वेळाने आतून काकांचा आवाज आला. "अगं खारूताई, आत तर आलो. हे टोक पार वर राहिलंय. आता मी बाहेर कसा येऊ?"

खारूताईने कपाळावर हात मारला आणि आतून फळी खाली ओढता येईल एवढी लांब दोरी आणायला धावत सुटली.