सही मागायची राहिली

सीमेवरच्या नाक्यावर त्याला सगळे सोडवणे म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. छोट्या व्यापाऱ्यांचा अडलेला माल कस्टममधून सोडवून द्यायचा त्याचा धंदा, म्हणून नाव पडलं ते पडलं. साबण करणाऱ्या दोघी जावा, लाकडी खेळणी बनवणारा सुतार, अशी त्याची गिऱ्हाइकं. मोठ्या कंपन्या त्याच्याकडे फिरकत नसत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच नाक्यावर अधिकारी होता. लोकांना वाटे, याचं काय बाबा, घरचाच साहेब. प्रत्यक्षात उलटं होतं. मेहुण्याने एकदा भर यार्डात सोडवणेची सगळी खोकी उघडायला लावली होती. "नात्याचा फायदा घेतला असं कोणी म्हणायला नको, दाजी," असं चारचौघांत म्हणाला होता. आत साबणच निघाले, पण सोडवणेच्या मनात अढी बसली. तेव्हापासून तो मेहुण्याच्या केबिनची पायरी चढला नव्हता. कागद खिडकीतून कारकुनाकडे सरकवायचा आणि निघून यायचा. घरी बायकोची मात्र अडकित्त्यात सापडल्यासारखी गत झाली होती.

त्या उन्हाळ्यात एक रोपवाटिकावाली बाई त्याच्याकडे आली. तिची गुलाबाची कलमं पलीकडच्या एका बागवाल्याला पसंत पडली होती. नवऱ्याने आणि तिने मिळून बांधलेली कलमं पहिल्यांदाच सीमेपार जाणार होती. गाडीत ती स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आली.

भर दुपारी गाडी अडली. रोपांना कीड नसल्याच्या दाखल्यावर गुलाबाच्या जातीचं नाव चुकीचं छापलं होतं. दुरुस्त दाखला येईपर्यंत गाडी यार्डातून हलणार नव्हती. सोडवणेने दाखला देणाऱ्या कार्यालयात फोनवर फोन केले. "करतो, करतो," एवढंच उत्तर मिळत होतं.

यार्डात झाड म्हणून नव्हतं. गाडीचा पत्रा तापून हात लावू देत नव्हता. बाई डबड्याने पाणी शिंपडत होती, पण ते पडता पडता वाळत होतं.

"त्या शेडखाली उतरवू देतील का हो?" तिने विचारलं. "साहेबांना जरा विचारून बघता?"

शेड रिकामी होती. नाशवंत माल अधिकाऱ्याच्या सहीने तिथे उतरवता येतो हे सोडवणेला पाठ होतं. दोन ओळींचा अर्ज द्यायचा, बस्स. पण त्या दिवशी सही करणारा साहेब होता मेहुणा.

"तसं देत नाहीत," तो म्हणाला. "दाखला येईलच इतक्यात."

दाखला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. गाडी सुटली आणि दुपारपर्यंत परतही आली. बागवाल्याने माना टाकलेली कलमं बघून हात जोडले होते.

"तुम्ही तरी काय करणार," बाई त्याला म्हणाली. "किती धावपळ केलीत आमच्यासाठी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तो तसाच उठला आणि मेहुण्याच्या केबिनमध्ये गेला.

"काल शेडसाठी अर्ज दिला असता, तर सही केली असतीस?"

मेहुणा हातातल्या पेनाचं टोपण उघडत आणि लावत राहिला. "केली असती. या खिडकीतून दिसत होती मला गाडी."

"मग निरोप का नाही धाडलास?"

"तुम्हाला वाटलं असतं, उपकार करतोय." तो खाली बघून म्हणाला, "माझंही चुकलंच, दाजी."

पुढच्या आठवड्यात मेहुणा घरी जेवायला आला. बायकोचा आनंद गगनात मावत नव्हता. ती भावाला आग्रह करकरून वाढत होती. ताटावर बसलेल्या दोघांना मात्र एकमेकांकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोडवणे रोपवाटिकेत गेला आणि त्याने बाईला सगळं खरं सांगितलं. तिचा नवरा जमिनीवर बसून मेलेल्या कलमांच्या पिशव्यांमधली माती एका बाजूला काढत होता. त्याचे हात थांबले.

"म्हणजे जागा मिळत होती," तो म्हणाला.

"हो."

"नुसतं विचारायचं होतं."

बाईने पदराने हात पुसले.

"सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "इतके दिवस मी यांनाच बोल लावत होते, गाडी भरताना पाणी कमी घातलं म्हणून."

तिने त्याला पाणी दिलं, फाटकापर्यंत सोडायलाही आली. पुढल्या हंगामात तिची कलमं पलीकडे गेली, दुसऱ्या एजंटाच्या हातून. यार्डात समोरासमोर आली की ती ओळखीचं हसते आणि पुढे जाते. नाक्यावर त्याला अजून सोडवणेच म्हणतात. कोणी हाक मारली की तो लगेच ओ देत नाही.