रित्सुच्या केसांचा टोप

मी एक जुना टोप आहे. डोक्यावर घालायचा, केसांचा. क्योतोच्या एका सिनेमा स्टुडिओत, कापराचा वास मारणाऱ्या लाकडी खोक्यात मी पडून असतो. झाकण अगदी घट्ट बसतं. मित्रांनो, तुम्हाला कुणी असं कोंडलं तर तुम्ही निदान ओरडाल. मला तेही जमत नाही, म्हणून आज कुणी झाकण उघडलं आहे, ती संधी सोडत नाही.

माझा सांगाडा तांब्याचा. गेंजिरो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने तो हिसामी या नटीच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा बसवून, ठोकून घडवला. आमच्याकडे टोप एकाच डोक्यापुरता करतात. दुसऱ्या कुणी घातला की कानशिलं चावतो. पुढे हिसामीने सिनेमा सोडला आणि मी खोक्यात गेलो, तो त्यामुळेच.

माझे केस मात्र रित्सुचे. सासरच्यांनी तिला घालवून दिलं आणि तिची मुलगी मिनेको ठेवून घेतली. रित्सुने पोटासाठी केस विकले आणि पुढे स्टुडिओतल्या टोपांच्या खोलीतच कामाला लागली. स्वतःचेच केस रोज विंचरायचे, तेल लावायचं, अंबाडा घालायचा.

"तुझं बरं आहे," गेंजिरो चिडवायचा, "वेणीफणीला आरसा नको की मान वाकडी करायला नको!"

ती हसायची. पण मिनेकोच्या वयाची पोर कुठे दिसली, की तिचा कंगवा माझ्यात अडकून राहायचा.

"मुलगी घराण्याची. तू उंबरा ओलांडलास, विषय संपला," असं सासूने सांगितलं होतं. युद्धानंतर कायदा बदलला होता, आईलाही मूल मागता येत होतं म्हणे. सासूबाईंपर्यंत तो पोचायचा होता.

आमचा सिनेमा सरदारांच्या काळातला. एक तरुण विधवा, तिचं मूल दीर-जावेच्या ओटीत घातलेलं. तिने जन्मभर त्याच घरात राहावं म्हणून सासू रीतीप्रमाणे तिचे केस कापून घेते. ते केस म्हणजे मी.

"हिसामीताई, त्या प्रसंगात अशा रडा, की दगडाला पाझर फुटेल," रित्सु अंबाडा घालताना म्हणाली. "सासूबाईंना रडके सिनेमे भारी आवडतात. हा बघितला की मिनेकोला देतील त्या माझ्याकडे."

"आणि नाहीच दिली तर?"

"देतील हो! पडदा उघडायच्या आधीच रुमाल काढतात त्या."

कात्री चालवणाऱ्या दासीचे फक्त हात दिसणार होते. हिसामीने ते काम रित्सुलाच द्यायला लावलं. "माझ्या मानेशी दुसऱ्या कुणाची कात्री नको," ती म्हणाली. दुसरा टोप नव्हता, म्हणजे चूक करायला वावच नव्हता. मला पळता आलं असतं तर मी पळालो असतो. रित्सुने मला मुठीत धरलं. कात्री सरळ चालली. हिसामी रडली, आणि दिवे धरणारी माणसंही रडली.

सिनेमा गाजला. वर्तमानपत्रांनी हिसामीला डोक्यावर घेतलं. तिने दोन पास मिळवून रित्सुच्या सासरी धाडले. रित्सु थिएटरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिथे काय झालं, ते दुसऱ्या दिवशी तिने माझे उरलेले केस विंचरता विंचरता हिसामीला सांगितलं.

सासूबाई मिनेकोला घेऊन डोळे पुसत बाहेर आल्या. रुमाल चिंब झाला होता. रित्सुला बघून त्यांना पुन्हा उमाळा आला.

"काय गं सोसलं त्या पोरीने! आणि ती सासू! काळीज आहे की धोंडा? मला तर बाई बघवेना."

"आई, मग मिनेकोला द्या ना माझ्याकडे."

"तिचं वेगळं. हा सिनेमा होता. आपल्या घराला रीत आहे." मग नाक पुसून म्हणाल्या, "केस मात्र किती छान होते गं त्या बाईचे! उगाच कापले."

मिनेको मागे वळून बघत होती. आजीने तिची मान पुढे फिरवली आणि तिला घेऊन गेली.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, तेल लावा, असं मी मागत नाही. माझं काय, मी टोप. सिनेमात रडू आलं तर तुम्ही पोटभर रडा. फक्त डोळे पुसून बाहेर आलात, की दाराशी कुणी तुमची वाट बघत उभं आहे का, तेवढं बघा.