गोरा कोतवाल

अल्लीपूरच्या आदेशने आजवर शेकडो नवरानवरींचे फोटो काढले होते, पण त्याचा जीव अडकला होता पाखरांत. वर्ध्याला दरवर्षी निसर्गाच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं. तिथल्या भिंतीवर आपला एक, फक्त एक फोटो लागावा, एवढंच त्याला हवं होतं. तीन वर्षं त्याने फोटो पाठवले आणि तीनही वर्षं नकार आला. मागच्या वर्षी तर परीक्षकांनी लिहून कळवलं, "बुलबुलांची जोडी छान आहे, पण स्टेजवर उभी केल्यासारखी वाटते." आदेश दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला, कारण ज्या लग्नाचं काम होतं तिथे पंगत चांगली होती.

यंदा त्याने कानाला खडा लावला. गळ्यात कॅमेरा, बुडाखाली मोटरसायकल, आणि दिसेल ते जसंच्या तसं टिपायचं. वर्ध्याच्या बाजारात कापसाच्या गाडीवर घोरणारी माणसं टिपली, पुलगावच्या स्टेशनावर कबुतरं टिपली. सवय मात्र जाता जात नव्हती. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या एका नीलगाईला तो चक्क म्हणाला, "मान जराशी डाव्या बाजूले करा ताई... हां, स्माईल." ताई तुरीतून जी पळाली, ती पुन्हा दिसली नाही.

फोटो पाठवायच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, परतताना नाल्याकाठी त्याला घबाड सापडलं. चिखलात बसलेली काळीभोर म्हैस, तिच्या पाठीवर दुभंगलेल्या शेपटीचा काळाकुट्ट कोतवाल पक्षी, आणि मागे उतरतं ऊन. आदेशने श्वास रोखला, तोंड घट्ट मिटलं आणि बटण दाबलं. देवाशपथ, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी साखरपुड्याचं काम होतं. त्याने घरी येऊन कॅमेऱ्याचं कार्ड बायकोच्या, मोहिनीच्या, हातात दिलं. "म्हशीवाला फोटो आहे, तेवढा प्रदर्शनवाल्याइले पाठवून देजो," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

आता मोहिनी कोण, तर त्यांच्या फोटोच्या दुकानातले सगळे अल्बम बनवणारी. नवरी गोरीपान, नवरदेव गव्हाळ, सासू दहा वर्षांनी लहान, हे तिच्या बोटांना पाठ. तिने फोटो उघडला तर काळ्यावर काळं. असा फोटो आपल्या दुकानाच्या नावाने वर्ध्याला जाणार? तिने जे सगळ्यांचं केलं, तेच याचंही केलं. दहा मिनिटांत कोतवाल गोरापान झाला, म्हैस गव्हाळ झाली, चिखल गेला. गुलाबाची चौकट लावायचा मोह झाला होता, पण निसर्गाचं काम आहे म्हणून तिने हात आवरला.

बुधवारी सकाळी आदेशचा फोन वाजला. पलीकडे अश्वजित सर होते, वर्ध्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे आणि प्रदर्शनाचे मुख्य परीक्षक.

"अहो, पांढरा कोतवाल!" सरांना धाप लागली होती. "तीस वर्षं पक्षी पाहतोय, असा पाहिला नाही. मधली मोठी भिंत तुमची! मी निघालोय, मला जागा दाखवा. आणि ती म्हैस कोणत्या जातीची हो?"

आदेशला काही समजेना. त्याने दुकानातला कॉम्प्युटर उघडला, फोटो पाहिला आणि मोहिनीला हाक मारली.

"हे काय करून ठेवलं व तू?"

"काऊन? बरा नाई दिसत?" मोहिनी म्हणाली. "काहीच दिसून नोयतं राह्यलं त्याच्यात."

"त्या पाखराचा रंग तुले काऊन खुपला? जसं आहे तसं राहू द्या लागते ना!"

मोहिनीने त्याच्या हातातला माउस काढून घेतला.

"अन् माहा रंग खुपला तुमाले, तो? आपल्या लग्नाच्या अल्बमात मले पांढरीफट केली तुमी. माही माय पाहून म्हणे, हे कोण होय? त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडली. तुमाले सांगतलं नाई, काऊन का तुमी लय खूश होते."

एकोणीस वर्षांपूर्वी, लग्न झालं तेव्हा आदेशने नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि पहिला हात तिच्याच फोटोवर साफ केला होता.

तेवढ्यात सरांची गाडी दारात थांबली. दुर्बीण, वही, आणि म्हशीसाठी सोबत आणलेले एक जनावरांचे डॉक्टर. पाखरू उडून गेलं, एवढं म्हटलं असतं तरी भिंत मिळाली असती. ते वाक्य आदेशच्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. त्याने मोहिनीकडे पाहिलं.

"सर, पाखरू काळंच आहे. म्हैसही काळीच आहे. गोरं करायची खोड या घरात मी आणली."

सरांनी वहीतलं 'पांढरा कोतवाल' लिहिलेलं पान हळूच फाडलं. खरा फोटो पाहून ते म्हणाले, "हा पाठवला असता तर घेतला असता. आता मुदत गेली." डॉक्टरांनी चहा घेतला आणि गाडी गेली.

दुपारी आदेशने लग्नाचा अल्बम काढला. मूळ फोटो केव्हाच हरवले होते, म्हणून छापलेलाच स्कॅन केला. रंग कुठून आणायचा? त्याने मोहिनीला स्क्रीनशेजारी स्टुलावर बसवलं. एकदा तिच्याकडे पाही, एकदा स्क्रीनकडे. पासपोर्ट फोटोला आलेली तीन गिऱ्हाइकं बाकावर खोळंबली होती, त्यातलं एक सल्लेही देत होतं.

"आता?"

"अजून सावळी करा."

"आता?"

"थोडीशीक अजून."

आदेशने माउस केसभर सरकवला. मोहिनी पुढे वाकली, पदराने स्क्रीनवरची धूळ पुसली आणि नीट पाहिलं.

"हां," ती म्हणाली, "आता आली मी."