काळी दिसलेली वीट

दोन विटा, दोन प्लास्टिकचे डबे आणि पाण्यानं भरलेली एक बाटली. दौंडच्या तपासणी केंद्रात रुग्ण जिथं आडवे होतात, त्या फळीवर रविवारी दुपारी एवढंच होतं. दोन्ही विटा महेंद्रमामांच्या भट्टीतल्या. पाणी फक्त तळातून चढावं म्हणून त्यांच्या बाजूंना ऑइल पेंट लावलेला. पहिली वीट कोरडी आणून चार तासांपूर्वी डब्यातल्या पाण्यात उभी केलेली. दुसरी पडताळणीसाठी दोन दिवस बादलीत बुडवून काढलेली.

सच्छिद्र वस्तूंमधून पाणी कसं सरकतं ते एमआरआयनं बघायचं, हा गौतमीचा पुण्यातल्या संशोधनाचा विषय. निमोण्यात मामांनी बांधलेल्या नव्या विहाराच्या भिंतींना ओल धरली, तेव्हा प्रश्न तिच्याकडेच आला. पायावर ओल अडवणारा थर मामांनी घातलाच नव्हता. कारखान्याची राख मिसळलेली आपली वीट पाणी पीत नाही, ही त्यांची खात्री. लोक म्हणत, ओल जमिनीतून चढतेय, भिंती पाडा. मामा म्हणत, स्लॅब गळतोय. शेवटी गौतमीनंच बैठकीत मर्यादा ठरवून दिली: चार तासांत पाणी चार सेंटिमीटरच्या वर चढलं नाही, तर भिंती राहतील.

केंद्राचा तंत्रज्ञ सॅमसन चर्चमधून थेट आला होता. त्यानं मामांना काचेच्या अलीकडेच बसवलं.

“आत जायचं न्हाई मामा. करगोट्याला किल्ली हाय तुमच्या. मशीन किल्लीसकट ओढून घेईल.”

“मंग माझी बी तपासणी फुकटात हुईल,” मामा म्हणाले.

नेहमीच्या सेटिंगवर चित्र आलं. बाटली पांढरीशुभ्र, पहिली वीट काळी.

“काळी म्हंजी?”

“म्हंजी पाणी न्हाई. पाणी पांढरं दिसतं,” सॅमसन म्हणाला.

गौतमी बोलेपर्यंत मामांनी फोन लावलाही होता. विहार समितीचे चांगदेव आबा स्पीकरवर आले.

“आबा, वीट कोरडी हाय. व्हय, मशीनच सांगतंय. आपली गौतमी हितंच हाय.”

“जय भीम, पोरी. तू म्हणतीस तर पाडायचा इषयच मिटला. सांगू का सगळ्यांना?”

गौतमी पडद्यावर बघत होती. दोन दिवस बुडवलेली दुसरी वीटही तितकीच काळी आली होती. बारीक छिद्रांत कोंडलेल्या पाण्याचा संकेत क्षणात विझतो, आणि माणसांसाठी लावलेलं मशीन तो विझल्यावर ऐकायला जातं. खोलीत हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. गप्प बसलं तरी कुणी विचारणार नव्हतं. बारावीनंतर तिला पुण्याला धाडणारे मामा समोर हसत उभे होते, आणि फोनवर तिच्या होकाराची वाट बघत होतं सगळं गाव.

“थांबा आबा. अजून एक चित्र काढायचंय.”

“आता कशाला?” मामा म्हणाले. “झालं की.”

“मामा, ती दुसरी वीट बादलीतून तुम्हीच काढलीत ना? तीपण काळीच आलीय.”

मामा पडद्याजवळ आले. फोनवर आबा खोकले.

“काढ,” मामा म्हणाले. फोन त्यांनी बंद केला नाही.

गौतमीनं मशीनला जमेल तितक्या लवकर ऐकायला लावलं.

“फोटो खराब येतो असा, ताई,” सॅमसन म्हणाला.

“येऊ दे.”

चित्र दाणेदार आलं. दुसरी वीट तळापासून माथ्यापर्यंत पांढरी होती. गौतमीनं पहिल्या विटेवर मोजपट्टीची रेघ ओढली. पांढरा भाग तळापासून नऊ पूर्णांक चार सेंटिमीटर.