उजव्या बाजूची जागा

मुलुंडच्या पूर्वेला, वस्ती संपून मिठागरे सुरू होतात तिथे, उजेड आधी पाण्यात उतरतो आणि मग घरांकडे येतो. नोव्हेंबरमधल्या त्या रविवारीही तो तसाच आला, कुणाची वाट न पाहता आणि कुणाला न उठवता. प्रथम खाडीवरची राखाडी रेघ फिकटली. मग पावसाळा सरल्यावर नुकतेच भरलेले मिठागरांचे चौकोन एकेक करून उजळले; सर्वांत दूरचा आधी, सर्वांत जवळचा शेवटी. तिथून तो उजेड चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर चढला, खिडकीच्या जाळीतून आत आला, आणि समोरच्या भिंतीवर त्याचा एक तिरपा, पिवळसर पट्टा पडला. पट्ट्यात आधी खिळ्याला टांगलेली वडिलांची छत्री आली, मग चर्चची दिनदर्शिका, मग मांडणीवरचा पितळी डबा. डब्याच्या झाकणावर तो थोडा रेंगाळला आणि खाली, जमिनीवर अंथरलेल्या गोधडीकडे सरकला. जयवंत भिंगारदिवे उजव्या कुशीवर पडून हे पाहत होता. पट्ट्यात धूळ सावकाश वर चढत होती. पलीकडे आई स्टोव्हला पंप मारत होती. तिचा हात खालीवर होत होता, आणि मग निळी ज्योत उभी राहिली. कशाचाही आवाज येत नव्हता. एवढी शांत सकाळ देवच देतो, असे तो मनाशी म्हणाला.

मग त्याने उशीवरून डोके उचलले. उजवा कान मोकळा होताच स्टोव्हची घरघर, खालच्या नळावरचे भांडण, कावळे, शेजारचा रेडिओ, सगळे एकदम त्याच्या अंगावर आले.

तीन महिने त्याची सकाळ एकाच क्रमाने उजाडत होती. गुडघे टेकायचे, पवित्र शास्त्रातला दिवसाचा भाग वाचायचा आणि मग आभार मानायचे. मागायचे काहीही नाही. हे त्याला रतन कसबेने शिकवले होते. रतन भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या खोलीत प्रार्थनासभा भरे, आणि तिथे सगळे त्याला ब्रदर म्हणत. मार्चमध्ये जयवंतला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण डाव्या कानात कुणी कापूस कोंबून ठेवावा तसे झाले. ऑगस्टमध्ये रतनने त्या कानावर हात ठेवून प्रार्थना केली. ‘‘आता बरा झालो म्हण,’’ तो म्हणाला. ‘‘पुन्हा मागायचं नाही. मागणं म्हणजे शंका, आणि डॉक्टरकडे जाणं म्हणजे तर उघड उघड शंका. फक्त आभार.’’ खोलीतली पंधरा माणसे डोळे मिटून थांबली होती. कानात काहीतरी तडकल्यासारखे झाले, असे जयवंत म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याने चर्चमध्ये भर उपासनेत उभे राहून कान बरा झाल्याची साक्ष दिली. चार माणसांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, असा हा चोवीस वर्षांचा मुलगा शंभर माणसांपुढे बोलला. नंतर अंगणात माणसांनी त्याचे हात हातात घेतले. सोमवारी, औषधांच्या ज्या कारखान्यात तो कारकून होता तिथे, त्याने नोकरीत लागल्यापासून पहिल्यांदाच साहेबांच्या केबिनचे दार स्वतःहून ठोठावले. त्या दिवसापासून त्याला रोज सकाळी अंगात एक बळ चढल्यासारखे वाटे, आणि ते बळ कुठून येते याबद्दल त्याला शंका नव्हती. ते तडकणे मात्र दर वेळी सांगताना थोडे मोठे होत गेले होते.

आभार मानून झाले की तो वडिलांचे चावीचे घड्याळ उजव्या कानाला लावी. टिकटिक येई. मग डाव्या कानाला. तिथे तो श्वास रोखून धरी आणि घड्याळ इतके दाबी की काचेचा गोल कानामागे उमटे. हाडाला काहीतरी जाणवे. येते आहे, तो मनाशी म्हणे, हळूहळू येते आहे. रस्त्यात तो माणसांच्या डावीकडून चाले, म्हणजे ती त्याच्या उजव्या हाताला राहत. जेवायला डावा खांदा भिंतीला टेकवून बसे. आईसुद्धा अलीकडे उजव्या बाजूला येऊनच हाक मारी. याचा त्याने कधी विचार केला नव्हता.

त्या रविवारी चहा देताना आई त्याच्या उजवीकडे बसली. ‘‘उपासनेला जाताना शेवंतीला सोबत घेऊन जा. मी पुढे जाते, आज फुलं लावायची माझी पाळी आहे.’’

‘‘का? बरं नाही का तिला?’’

‘‘बरी आहे म्हणते. गोळ्या बंद केल्यात तिने.’’

शेवंतीमावशी नात्याने कुणी नव्हती. ती आईच्या गावची, नगरकडची, आणि चाळीत तीन खोल्या सोडून एकटी राहणारी. जूनमध्ये तिला क्षय निघाला होता. दवाखान्यातून गोळ्या मिळत, आणि एक दिवसही चुकवायचा नाही असे तिला बजावलेले होते.

‘‘कधीपासून?’’ त्याने विचारले.

‘‘नऊ दिवस झाले. आज साक्ष द्यायला उभी राहणार आहे. म्हणते, जयवंताला दिलं ते देव मला का नाही देणार.’’ आई कपात पाहत राहिली. ‘‘मी काय बोलू तिला? तूच बोल काय ते.’’

तो शेवंतीमावशीच्या दारात पोहोचला तेव्हा ती पांढरे लुगडे नेसून, केस चापून बसवून तयार होती. गेल्या महिन्यापेक्षा तिची मनगटे बारीक दिसत होती.

‘‘सलाम, मावशी,’’ तो चर्चच्या माणसांच्या रीतीने म्हणाला.

‘‘सलाम. ये रं, साक्षीदारा.’’

फळीवर गोळ्यांचा पत्र्याचा छोटा डबा होता. त्याच्यावर तिने उपासनेला न्यायचा रुमाल घडी करून ठेवला होता, डबा दिसू नये असा.

‘‘मावशी, गोळ्या घेत जा. त्यासुद्धा देवानेच दिल्यात ना?’’ हे वाक्य त्याने गॅलरीतून येताना तयार केले होते.

‘‘आस्सं? मग तू का न्हाई घेतल्यास?’’ तिने कमरेवर हात ठेवले. ‘‘तुझ्या कानाचं काम फुकटात, आन् माझ्या छातीला गोळ्या व्हय? देवाच्या दारी बी वशिला लागतो का रं?’’

ती हसली म्हणून तोही हसला.

‘‘तसं नाही मावशी. डॉक्टर म्हणाले होते...’’

‘‘डॉक्टर म्हनाले व्हते मरशील. मेले का? त्या रविवारी तू उभा राहिलास तवा मी मागल्या बाकावर रडत व्हते. म्हनलं, हे लाजाळू लेकरू खोटं बोलायचं न्हाई.’’

जयवंतने तिच्यावरची नजर काढली. तो फळीकडे पाहत राहिला. मावशी त्याच्या डाव्या हाताला, कोनाड्यातली कुलूपकिल्ली घ्यायला वळली. थोड्या वेळाने त्याने सहज मान फिरवली, तर तिचे खांदे हलत होते. भिंतीकडे तोंड करून, पदराचा बोळा तोंडावर दाबून ती खोकत होती. वाकून, गदगदून खोकत होती. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर होती आणि त्याला काहीही ऐकू आले नव्हते.

खोकला थांबल्यावर तिने पदराकडे पाहिले आणि तो भाग आत दुमडला. ‘‘सर्दी हाय,’’ ती वळून म्हणाली. ‘‘चल, पुढचा बाक धरू.’’

तिने रुमाल उचलला तेव्हा डबा उघडा पडला. ती दाराबाहेर पडल्यावर जयवंतने तो उचलून सदऱ्याच्या उजव्या खिशात टाकला. का, ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

चर्च दहा मिनिटांवर होते. डबा पावलागणिक खुळखुळत होता आणि तो खुळखुळाट त्याला स्पष्ट, नको इतका स्पष्ट ऐकू येत होता. रस्ता अरुंद, एका बाजूला गटाराचे काम निघालेले. हातगाडी आली की मावशी त्याच्या डावीकडे जाई, आणि गाडी गेली की तो मागून वळसा घालून पुन्हा तिला उजवीकडे घेई.

सांगितले तर काय होईल, हे तो मोजून पाहत होता. रतन म्हणेल, तुझ्या अविश्वासाने मिळालेलेही गेले. अंगणात हात हातात घेणारी माणसे नजर चुकवतील. केबिनचे ते दार पुन्हा बंद होईल, कारण ते ज्या बळावर उघडले होते ते बळच उरणार नाही. पण त्याला खरी भीती वाटत होती ती याहून खोल होती. ही बाई विश्वासाच्या आधाराने उभी आहे. तो आधार आपण काढून घेतला आणि ती तिथेच खचली तर? आणि न सांगता ती आज उभी राहिली, लोकांनी तिचेही हात हातात घेतले, तर त्यानंतर तिला गोळी घ्यायला कोण लावणार? ती साक्ष तिला सोडणार नाही. साक्ष कशी धरून ठेवते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

चर्चची घंटा सुरू झाली. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून तिचा नाद घुमत असणार; त्याच्याकडे तो एकाच बाजूने येत होता.

देवा, तो मनात म्हणाला, मला हे जमत नाही. मला मदत कर.

म्हणून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की तीन महिन्यांत त्याने पहिल्यांदाच काही मागितले होते. घडले काहीच नाही. भीती होती तशीच राहिली. फक्त त्याची पावले चर्चच्या दिशेने पडत राहिली.

एक सायकल गेली. मावशी बाजूला झाली आणि तो सवयीने मागून वळसा घालू लागला, तशी ती रस्त्यातच थांबली.

‘‘आरं, घाण्याच्या बैलावानी काय फिरतुयास माझ्याभवती? ह्या अंगानं चालले तर काय पाप लागतंय का?’’

तो थांबला. चर्चच्या फाटकापाशी आई फुलांची रिकामी परडी घेऊन उभी होती. तिने त्यांना पाहिले होते. रतन आणि चर्चचे पाळक पायरीवर लोकांशी हस्तांदोलन करत होते.

‘‘चल की. पाळकसाहेबांना सांग, पयली साक्ष माझी.’’

जयवंतने खिशातून डबा काढला आणि तिच्या हातात ठेवला. तिने आधी डब्याकडे, मग त्याच्याकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला.

‘‘हे कशाला आनलंस? आज?’’

‘‘मावशी, ती ऑगस्टमधली संध्याकाळ...’’ तो म्हणाला. ‘‘रतनच्या खोलीतली.’’

‘‘व्हय. तुझा कान तडकला ती.’’

‘‘तडकला नाही. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, मावशी. त्या संध्याकाळीही आलं नव्हतं.’’