मराठीचं लॉक सांभाळणारा संगणक

मित्रांनो, मला खुशाल जुना म्हणा, राग येत नाही. मी आहेच जुना संगणक, आणि तोही असेंबल केलेला. बुधवार पेठेतल्या एका दुकानात कॅबिनेट एका कंपनीचं, मदरबोर्ड दुसरीचा, असं जुळवत मला उभं केलं. पेंटियम प्रोसेसर परवडेना, म्हणून माझ्या डोक्यात स्वस्तातला सेलेरॉन बसवला. "घरगुती कामाला पुष्कळ झाला," दुकानदार समर्थशेठ म्हणाले. त्या घरगुती कामाने पुढे माझं कंबरडं मोडलं.

माझी मालकीण रुपाली. लग्न होऊन वाशिमहून वारज्याला आली आणि घरीच मराठी डीटीपी करू लागली. लग्नपत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, जे मिळेल ते. मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरबरोबर अंगठ्याएवढं एक काळं लॉक आलं होतं. ते माझ्या पाठीवरच्या प्रिंटरच्या रुंद पोर्टात खोचलेलं असलं, तरच मराठी उमटायचं. एकदा खोचलं ते कायमचं, पुढे त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

तिचे यजमान हिंमतराव, तेही वाशिमकडचेच, हिंजवडीला कंपनीची बस चालवत. ट्रॅफिकमध्ये अडकलेली पोरं मागे प्रोसेसरच्या गप्पा छाटत आणि हे कान देऊन ऐकत. ड्युअल कोअर, साटा, यूएसबी हे शब्द त्यांना बसच्या थांब्यांसारखे पाठ झाले. इकडे माझं वय झालं होतं. मी सुरू होईपर्यंत रुपाली भाजी फोडणीला टाकून यायची.

अशात तिला एका दिवाळी अंकाचं काम मिळालं. संपादक शरच्चंद्र आपटे म्हणाले, "वेळेत दिलंत तर दरवर्षी आपल्याकडेच. नाहीतर राम राम." बहुतेक पानं लावून झाली आणि ती दोन दिवस माहेरी गेली. बायकोला चकित करायचं म्हणून हिंमतरावांनी माझ्यातल्या फाइली सीडीवर उतरवल्या, मला स्कूटरवर बांधलं आणि समर्थशेठना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलं. पाठीवरचं लॉक त्यांना माझाच एक भाग वाटला. नवं मशीन मात्र त्यांनी पारखून घेतलं. दोन कोअर, साटा हार्ड डिस्क, मागे यूएसबीची रांग.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. रुपाली आधी हरखली. मग तिने मराठीचं सॉफ्टवेअर त्यावर चढवलं, तर फाइली उघडेनात आणि पडद्यावर लॉक मागितलं गेलं.

"अहो, जुन्याच्या मागं काळं बुटकं होतं, ते कुठंय?"

"ते गेलं ना त्याच्यासंगं. काहून?"

"माझा अंक गेला हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात आले. मी ढिगात भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, त्यामुळे लॉक लगेच दिसलं. रुपालीने ते उपसून काढलं. मला वाटलं, संपला आपला संबंध. फार वाईट वाटलं, आणि खरं सांगू, जरा सुटल्यासारखंही वाटलं.

"खोचणार कुठे ते?" समर्थशेठ म्हणाले. "नव्याला तो पोर्टच नाही. घेताना यूएसबी तर एक एक करून पाहिलेत आपण."

रुपाली म्हणाली, "मग हाच द्या परत."

उरलेली पानं मी धापा टाकत लावली. मध्येच हँग झालो, तेव्हा तिने आदळआपट केली नाही. नुसती माझ्यावर हात ठेवून बसून राहिली. अंक वेळेत गेला. आपटे छापील प्रत घेऊन घरी आले, टेबलावरचं नवं मशीन पाहून म्हणाले, "वा! असं यंत्र असल्यावर काम होणारच."

ते गेल्यावर रुपाली म्हणाली, "आता याला कुठंच द्यायचं नाही."

"नाही वं, शेवटपर्यंत ठेवू," हिंमतराव म्हणाले. ते ऐकून मला धडकीच भरली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं निबंधांतले माझे भाऊबंद तुम्हाला नेहमी सांगतात. खरंच आहे ते. पण माझं मागणं जरा वेगळं आहे. लॉक न लागणारं मराठी आता निघालंय म्हणतात. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर वारज्याला या आणि रुपालीला नव्या मशीनवर ते शिकवा. तिचं काम अडेनासं झालं की मला बंद करा. मी फार थकलो आहे.