वज्रदेशची समाप्ती

'वज्रदेश'च्या सातव्या, म्हणजे शेवटच्या भागाचं एकच प्रकरण उरलं, तेव्हा पुनमच्या सासूने, पार्वतीबाईने, ते पुस्तक लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलं. पुस्तक कसलं, तर कादंबरी. तिच्यात राक्षस, उडते घोडे आणि माहेर सोडून रानोमाळ भटकणारी राणी चंद्रलेखा. पण साखरा गावात पुनम दुपारी मोठ्याने वाचायची, गल्लीतल्या बायका मांडी घालून ऐकायच्या, तेवढ्यावर सासूने कादंबरीची पोथी करून टाकली. पोथीची समाप्ती काय अशी कोरडी करतात? पुरणाचा नैवेद्य हवा. आणि दिवाळीला सासूची लेक आल्याशिवाय पुरण शिजणार नव्हतं.

शेजारच्या अनुसयाबाईचं दिवाळीपर्यंत काही खरं नव्हतं. म्हातारी खाटेला खिळली होती, पाण्याचा घोटही उतरत नव्हता. पहिल्या भागापासून एकही दुपार न चुकवलेली ती एकटीच. पुनम जवळ जाऊन बसली की विचारायची, "पोरी, राणी पोचती का गं माहेरी?"

पुनमने सासूची मिनतवारी केली. म्हातारीपुरतं वाचून येते म्हणाली. नैवेद्याआधी समाप्ती केली तर घराचं वाटोळं होतं, असं पार्वतीबाईने ऐकवलं. "काहून एवढी घाई? ती काय आजच मरून राहिली का?"

त्याच आठवड्यात अनुसयाबाई गेली.

पुनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस तळमळत मेलं तरी चालेल, पुरण मात्र शिजलं पाहिजे! त्यात रडणाऱ्या बायकांत सगळ्यांत मोठा गळा सासूचाच. तो ऐकून तर तिला त्या देव्हाऱ्याचीच चीड आली.

अनुसयाबाईने जिथे प्राण सोडला, तिथे सुतकाचा दिवा तेवत होता. रोज संध्याकाळी महाराज येऊन गरुडपुराण वाचायचे. एके दिवशी ते पोथी बांधून उठले, तशी पुनम पुढे झाली. पदराखालून पुस्तक काढलं, लाल फडकं सोडून बाजूला टाकलं. मग बायकांकडे पाठ करून ती दिव्याशी बसली आणि हलक्या आवाजात वाचू लागली. अनुसयाबाईच्या मुलाने, विश्वंभरने, दिव्यात तेल घातलं.

बायका पुढे सरकल्या, कान टवकारून बसल्या. कुणालाच शब्द लागेना. शेवटी पार्वतीबाईच म्हणाली, "जरा मोठ्यानं वाच की. आमाला न्हाई ऐकू येऊन राहिलं."

पुनमने मान वळवली नाही. "तुमच्यासाठी दिवाळीत वाचीन. पुरण झाल्यावर."

आणि दिव्याकडे आणखी वाकून, राणी माहेराच्या वेशीत शिरते ते पान तिने सावकाश वाचलं.